इतिहासाच्या पुस्तकावरून भांडण होतं तेव्हा नेमकं काय चाललेलं असतं?

मे २०२४ मध्ये महाराष्ट्रभर एक बातमी फिरली: शाळेच्या पुस्तकात मनुस्मृती येणार. येवल्याचे आमदार आणि तेव्हा मंत्री असलेले छगन भुजबळ यांनी सरकारमध्ये असूनही उघड विरोध केला. जितेंद्र आव्हाड आंदोलनासाठी महाडला गेले, जिथे २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत मनुस्मृतीचं दहन झालं होतं. शिक्षणमंत्री दीपक केसरकरांना खुलासा करावा लागला. आठवडाभर टीव्हीवर दुसरं काही नव्हतं.

ज्या कागदावरून हे सगळं झालं तो मात्र पुस्तकाचा नव्हता. तो राज्य अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा होता, आणि त्यात मनुस्मृतीतला एक श्लोक उद्धृत केलेला होता, वडीलधाऱ्यांचा मान राखावा अशा अर्थाचा. भुजबळांचा विरोध अनाठायी होता असं मला म्हणायचं नाही. ज्या येवल्यातून ते निवडून येतात तिथेच १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी 'हिंदू म्हणून मरणार नाही' ही घोषणा केली. त्या मतदारसंघाचा माणूस या श्लोकावर गप्प बसला असता तरच नवल. पण मसुदा म्हणजे काय, आराखडा म्हणजे काय, पुस्तक कधी येतं आणि कोण लिहितं, हे त्या आठवड्यात फारसं कोणी सांगितलं नाही. ते आधी समजून घेऊ. त्याशिवाय 'अमुक धडा वगळला' या बातमीचा अर्थच लागत नाही.

सगळ्यात वर असतं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण. सध्याचं २०२० चं आहे, त्याआधीचं १९८६ चं. धोरणात इतिहासाबद्दल सहसा मोघम वाक्यं असतात. त्याखाली राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा. शालेय शिक्षणाचा ताजा आराखडा २०२३ चा, त्याआधीचे २००५ आणि २००० चे. त्यावरून प्रत्येक राज्य स्वतःचा आराखडा करतं. आराखड्यावरून विषयवार अभ्यासक्रम ठरतो, म्हणजे कुठल्या इयत्तेत काय. मग विषय समिती आणि अभ्यास गट पुस्तक लिहितात, ते तपासलं जातं, छापलं जातं. त्यानंतर शिक्षक ते शिकवतात. शेवटी प्रश्नपत्रिका येते, आणि मुलाच्या दृष्टीने खरा अभ्यासक्रम तोच असतो.

आपल्याकडचा गोंधळ बहुतेक वेळा पुस्तकाच्या पायरीवर होतो. निर्णय झालेले असतात दोन पायऱ्या आधी. आराखड्याचा मसुदा जाहीर होतो तेव्हा हरकती व सूचना मागवलेल्या असतात, पण शेकडो पानांचा मसुदा कोण वाचणार? पुस्तकाचा फोटो मात्र एका मिनिटात फॉरवर्ड होतो.

अधिकार कोणाचा, हेही सरळ नाही. राज्यघटना आली तेव्हा शिक्षण राज्य सूचीत होतं. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ते समवर्ती सूचीत गेलं, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही हातात. केंद्राकडे १९६१ साली स्थापन झालेली एनसीईआरटी आहे. तिची पुस्तकं सीबीएसईच्या शाळांत चालतात. महाराष्ट्राकडे १९६७ पासून पुण्याची बालभारती आहे. तिची पुस्तकं राज्य मंडळाच्या शाळांत. त्याशिवाय आयसीएसईच्या शाळा आहेतच.

याचा परिणाम नाशिकमध्ये एकाच जिन्यात दिसतो. गंगापूर रोडच्या एखाद्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरची मुलगी सीबीएसईची, खालच्या मजल्यावरचा मुलगा राज्य मंडळाच्या मराठी शाळेतला. दोघं एकाच वयाची. गेल्या आठ-दहा वर्षांत त्या मुलाने मराठ्यांचा इतिहास भरपूर वाचला आणि मुघलांचा अगदी थोडा, कारण २०१७ साली सातवीचं पुस्तक बदललं तेव्हा भर शिवाजी महाराजांवर आणि मराठी सत्तेवर देऊन दिल्लीच्या सत्तांचा भाग आवरता घेतला होता. त्या मुलीकडे नेमकं उलटं होतं: मुघल दरबार तपशिलाने, आणि मराठे तोंडी लावण्यापुरते.

गंमत अशी की दोन्ही पुस्तकं आपल्याच जिल्ह्यात अडखळतात. दिंडोरीच्या वाटेवरचा रामशेज किल्ला घ्या. संभाजी महाराजांच्या काळात, १६८२ पासून पुढची काही वर्षं, तो मुघल फौजेपुढे झुकला नाही. किल्ला लहान, शिबंदी तुटपुंजी, समोर बादशाही तोफखाना. आता मुघल दोन ओळींत संपवले तर रामशेज लढला कोणाशी आणि त्याचं मोल काय, हे मुलाला कसं कळणार? दुसऱ्या बाजूने, मराठ्यांना तोंडी लावण्यापुरतं ठेवलं तर औरंगजेबासारखा बादशहा दिल्ली सोडून आयुष्याची शेवटची पंचवीसएक वर्षं दख्खनमध्ये का अडकून पडला, १७०७ साली इथेच का मेला, याचं उत्तर सापडत नाही. बागलाणातल्या साल्हेरचंही तेच. १६७२ साली तिथे मराठ्यांनी मुघलांना मोकळ्या मैदानावर हरवलं. २०२५ मध्ये साल्हेर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, तेव्हा कित्येक नाशिककरांना तो आपल्या जिल्ह्यात आहे हे नव्याने समजलं. एक बाजू वगळली की दुसरी बाजूही लंगडी होते, पण वाद घालणाऱ्यांना हे दिसत नाही. दोन्हीकडच्यांना.

इतकं हमरीतुमरीवर येण्यासारखं त्यात काय असतं? इतिहासाच्या तासिका आठवड्याला मोजक्या, पुस्तकाची पानं ठरलेली. नवं काही घालायचं तर जुनं काही काढावंच लागतं, त्यामुळे काढलेल्याचा माणूस दुखावणार हे ठरलेलंच. पण खरं कारण पानांचं नाही. शाळेचं पुस्तक लग्नपत्रिकेसारखं असतं. पत्रिका माहितीसाठी छापतात हे म्हणायला ठीक. भांडण होतं ते कोणाचं नाव आलं, कोणाचं राहिलं, 'आपले नम्र'मध्ये कोण वर आणि कोण खाली यावरून. पुस्तकावर सरकारी शिक्का असतो. त्यात आपली माणसं आली म्हणजे देशाने आपल्याला मानलं, असं समाजांना वाटतं. आणि ते अगदीच खोटं नाही. अनेक घरांत शाळेचं पुस्तक सोडून इतिहासाचं दुसरं पुस्तकच नसतं, मग पुस्तकात नाही ते त्या घरापुरतं घडलंच नाही.

आता राजकारणाकडे. हे वाद २०१४ नंतर सुरू झाले असं एका बाजूला वाटतं, आणि २०१४ आधी सगळं डाव्यांनी नासवलं होतं असं दुसऱ्या बाजूला. गोष्ट त्याहून जुनी आहे. १९७७ साली जनता पक्षाचं सरकार आलं आणि काही महिन्यांतच पंतप्रधान मोरारजी देसाईंकडे एक निनावी टिपण पोचलं. रोमिला थापर, बिपन चंद्र अशा इतिहासकारांची पुस्तकं शाळांतून काढा, असा त्याचा रोख होता. आक्षेप असा की ही पुस्तकं मुस्लिम राज्यकर्त्यांच्या अत्याचारांवर पुरेसं बोलत नाहीत. रामशरण शर्मांचं प्राचीन भारतावरचं पाठ्यपुस्तक १९७८ मध्ये अभ्यासक्रमातून गेलंही. त्याआधीच्या काँग्रेसच्या काळात एका विशिष्ट विचाराच्या इतिहासकारांचा संस्थांवर वरचष्मा होता, हे मान्य करायला हरकत नाही. पण त्याला उत्तर म्हणून दुसरं, अधिक चांगलं पुस्तक लिहिलं गेलं नाही. आहे ते काढा, एवढाच मार्ग सुचला. पुढे हीच सवय लागली.

२००१ मध्ये वाजपेयी सरकारच्या काळात एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकांतले काही परिच्छेद वगळले गेले: प्राचीन काळातल्या गोमांसभक्षणाचा उल्लेख, गुरू तेग बहादूर यांच्याविषयीचा मजकूर वगैरे. २००० च्या आराखड्याविरुद्ध अरुणा रॉय आणि इतर सर्वोच्च न्यायालयात गेले. सप्टेंबर २००२ मध्ये न्यायालयाने आराखडा कायम ठेवला. अभ्यासक्रम ठरवणं तज्ज्ञांचं आणि सरकारचं काम, असं न्यायालयं बहुतेक वेळा मानतात; फलाणा परिच्छेद बरोबर की चूक हे सांगायला ती बसत नाहीत. २००४ मध्ये सरकार बदललं, २००५ चा नवा आराखडा आला, २००६ पासून नवी पुस्तकं. २०२२ मध्ये कोरोनानंतर अभ्यासाचा भार हलका करायचा या कारणाने त्याच पुस्तकांना कात्री लागली. बारावीचा मुघल दरबारांवरचा धडा गेला. गुजरात दंगली आणि गांधीहत्येसंबंधीच्या काही ओळीही गेल्या. मग २०२३ च्या आराखड्यानुसार पूर्णपणे नवी पुस्तकं येऊ लागली. २०२५ मधलं आठवीचं पुस्तक मुघल बादशहांच्या क्रौर्याबद्दल मोकळेपणाने लिहितं, आणि सोबत अशी टीपही देतं की भूतकाळातल्या घटनांसाठी आज कोणालाही जबाबदार धरू नये. ती टीप मला आवडली. ती मुलांपेक्षा मोठ्यांना जास्त लागू आहे.

त्याच पुस्तकात मराठ्यांना पहिल्यांदा ऐसपैस जागा मिळाली. महाराष्ट्रात आनंद झाला, तो स्वाभाविकच. पण त्यातल्या मराठा साम्राज्याच्या नकाशात जैसलमेरही रंगवलेलं होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये जैसलमेरच्या माजी राजघराण्यातून तक्रार आली की आमच्यावर मराठ्यांची सत्ता कधी नव्हतीच. एनसीईआरटीने तज्ज्ञ समिती नेमली. आपल्याला जो अभिमानाचा नकाशा वाटला तो राजस्थानात अपमानाचा ठरला. राष्ट्रीय पुस्तक लिहिणं किती अवघड असतं हे एवढ्या एका नकाशावरून कळतं. बंगालात मराठ्यांची आठवण बर्गी, म्हणजे लुटारू स्वार, म्हणून आहे, आणि ती आठवण गोड नाही.

राज्यांमध्ये तर हा खेळ दर पाच वर्षांनी होतो. राजस्थानात २०१७ च्या सुमारास १५७६ ची हळदीघाटीची लढाई महाराणा प्रताप जिंकले असं पुस्तकात आलं. सरकार बदलल्यावर २०१९ मध्ये सावरकरांवरचा मजकूर बदलून त्यांच्या दयेच्या अर्जांचा उल्लेख आला. कर्नाटकात २०२२ मध्ये भाजप सरकारच्या काळात हेडगेवारांवरचा पाठ घातला, २०२३ मध्ये काँग्रेसने येताच तो आणि सावरकरांवरचा पाठ काढला. भगूरसारख्या गावात सावरकरांचं घर स्मारक म्हणून उभं आहे, तिथल्या मुलाला या खो-खोतून काय कळणार? सावरकरांचं अंदमान, त्यांचे अर्ज, त्यांचा जातिभेदाला विरोध, मुस्लिमांबद्दलचे त्यांचे विचार, गांधीहत्येच्या खटल्यातलं आरोपी असणं आणि निर्दोष सुटणं, हे सगळं एकाच माणसाच्या आयुष्यात आहे. पुस्तकात मात्र एकतर वीर असतात, नाहीतर माफीवीर.

हे सगळं डावे विरुद्ध उजवे एवढंच असतं तर समजणं सोपं होतं. २०१२ मध्ये तसं नव्हतं. एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात शंकर यांचं १९४९ मधलं व्यंगचित्र होतं: संविधानाची गोगलगाय, तिच्यावर बसलेले बाबासाहेब, मागे चाबूक घेतलेले नेहरू. संविधान लिहायला जवळजवळ तीन वर्षं का लागली, याची चर्चा मुलांनी करावी म्हणून ते दिलेलं होतं. दलित संघटनांना आणि खासदारांना ते अपमानास्पद वाटलं. संसदेत सगळे पक्ष एकवटले, सरकारने चित्र काढायचं जाहीर केलं. पुस्तकाचे मुख्य सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. पुणे विद्यापीठातल्या पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या चाबकाचा अर्थ माहीत आहे त्यांना ते चित्र खुपणं मी समजू शकतो. तरी त्या चित्रावर वर्गात बोलणं व्हायला हवं होतं, आणि तीच गोष्ट कोणत्याच पक्षाला नको होती. २०२३ मध्ये याच दोघांनी एनसीईआरटीला पत्र लिहिलं: आता इतकी काटछाट झाली आहे की पुस्तकांवरून आमची नावं काढा. दोन वेगळ्या सरकारांच्या काळात, त्याच पुस्तकांवरून, त्याच दोन माणसांना असं करावं लागलं.

महाराष्ट्रातलं आपलं भांडण आणखी वेगळं आहे. इथे महाराज असावेत की नसावेत हा प्रश्नच नाही. चौथीचं 'शिवछत्रपती' हे पुस्तक कित्येक पिढ्यांनी छातीशी धरलेलं आहे. प्रश्न असा की महाराज कोणाचे? १८६९ साली जोतीराव फुल्यांनी पवाडा लिहिला त्यात महाराज शेतकऱ्यांचे, कष्टकऱ्यांचे राजे आहेत. टिळकांच्या उत्सवातले महाराज राष्ट्राचे आणि धर्माचे रक्षक आहेत. दादोजी कोंडदेव महाराजांचे गुरू होते का, या प्रश्नावर महाराष्ट्र पेटला तो या जुन्या वादामुळे. डिसेंबर २०१० मध्ये पुण्याच्या लाल महालातून दादोजींचा पुतळा हलवला गेला, आणि पाठ्यपुस्तकातला त्यांचा गुरू म्हणूनचा उल्लेखही याच वादात सापडला. दादोजी हे शहाजीराजांच्या जहागिरीचा कारभार पाहणारे अधिकारी होते, याबद्दल अभ्यासकांत फारसा वाद नाही. गुरू हे नातं मात्र पुढच्या काळातल्या बखरींवर उभं आहे, समकालीन कागदांवर नाही. इतकं वाक्य पुस्तकात लिहिलं असतं तर मुलांना दादोजीही कळले असते आणि बखर म्हणजे काय तेही.

इथे जगाकडे थोडी नजर टाकू, थोडीच. जपानमध्ये पुस्तकांना सरकारी मंजुरी लागते. इएनागा साबुरो या इतिहासकाराने त्या मंजुरीविरुद्ध १९६५ पासून १९९७ पर्यंत खटले लढवले, कारण जपानी सैन्याने केलेल्या अत्याचारांचं वर्णन सौम्य करायला त्यांना सांगितलं गेलं होतं. याउलट जर्मनी आणि फ्रान्स, म्हणजे एकमेकांशी दोन महायुद्धं लढलेले देश, त्यांनी २००६ मध्ये दोन्हीकडच्या मुलांसाठी इतिहासाचं एकच पुस्तक काढलं. आपल्याकडे पुणे आणि जयपूर यांनी मिळून मराठे-राजपूत संबंधांवर एक धडा लिहून दाखवावा, मी पहिली प्रत विकत घेईन.

आता माझं मत. वाद घालणाऱ्या दोन्ही बाजू एका गोष्टीवर पूर्ण सहमत आहेत: पुस्तकाने निष्कर्ष सांगायचा आणि मुलाने तो पाठ करायचा. भांडण फक्त निष्कर्ष कोणाचा यावर आहे. आपल्याला हे कसं कळलं, हा प्रश्न दोघांनाही नको असतो, कारण तो विचारायची सवय लागलेलं पोर उद्या आपल्यालाही विचारेल.

आणि तो प्रश्न विचारायला नाशिकसारखं गाव नाही. पांडवलेण्यांवर आपण सगळे लहानपणी गेलेलो असतो. पायऱ्या मोजल्या, फोटो काढले, खाली आलो. तिथल्या तीन क्रमांकाच्या लेण्यात एक मोठा शिलालेख आहे, ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने तो आपला नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षात कोरवून घेतला. आपल्या दिवंगत मुलाबद्दल ती सांगते: त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, त्याने शक, यवन, पल्हवांचा नाश केला, क्षहरातांचा वंश संपवला, क्षत्रियांचा गर्व उतरवला, चार वर्णांचा संकर थांबवला. आणि हे सगळं कोरलं आहे कुठे? बौद्ध भिक्षूंना दान दिलेल्या लेण्यात.

आता यातून धडा लिहा. परकीयांचा नाश करणारा राजा, असा धडा निघतो. वर्णव्यवस्थेचा रक्षक, असाही निघतो. बौद्ध धर्माला उदार आश्रय देणारं घराणं, हाही निघतो. मुलगा आईच्या नावाने ओळखला जातो, आई राजकारणाबद्दल अधिकाराने बोलते, असा स्त्रियांच्या इतिहासाचा धडाही निघतो. प्रत्येक बाजूला आपापली ओळ सापडते, आणि एकही ओळ खोटी नाही. फक्त चारही ओळी एकाच भिंतीवर आहेत, हे सांगायचं कोणी?

थोडं पुढे, दहा क्रमांकाच्या लेण्यात, ज्यांचा नाश झाला त्यांची बाजू आहे. क्षहरात राजा नहपानाचा जावई उषवदात तिथे बोलतो. वंशाने शक, म्हणजे बाहेरून आलेला. त्याने तीन लाख गाई दान दिल्या, ब्राह्मणांना गावं दिली, नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, पुष्करला जाऊन स्नान केलं, आणि भिक्षूंसाठी हे लेणं खोदवलं. भिक्षूंच्या खर्चासाठी त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, तीन हजार कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेवले: दोन हजार दरमहा शेकडा एक व्याजाने, एक हजार पाऊण टक्क्याने. मुदत ठेवीचा हा मजकूर भिंतीवर आहे, आणि ते गोवर्धन आजच्या गंगापूरजवळच आहे. हा माणूस परका की इथला? पुस्तकात 'परकीय आक्रमक' एवढंच लिहिलं तर हा प्रश्न पडायची सोयच राहत नाही.

राणीने मुलाबद्दल बढाई मारली असेल, अशी शंका कोणी काढली तर त्याचंही उत्तर जिल्ह्यातच आहे. १९०६ साली जोगलटेंभी इथे नहपानाच्या १३,००० हून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या दोन तृतीयांशांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला शिक्का पुन्हा मारलेला होता. हरलेल्याचं नाणं जिंकणाऱ्याने चालवलं. शिलालेखातला दावा नाण्याने पडताळता येतो, याहून सोपा इतिहासलेखनाचा धडा मला माहीत नाही.

जवळच्या काळाचंही तसंच. २ मार्च १९३० रोजी दलितांना प्रवेश मिळावा म्हणून काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे काही वर्षं नेटाने लावून धरला. दहा दिवसांनी, १२ मार्चला, गांधीजी साबरमतीहून दांडीला निघाले. एकाच महिन्यात दोन सत्याग्रह, एक परक्या सरकारपुढे, दुसरा आपल्याच माणसांच्या बंद दारापुढे. पुस्तकांत दांडीला पानं मिळतात, काळारामला ओळी. दोन्ही तारखा शेजारी शेजारी लिहिल्या तर स्वातंत्र्य कोणाचं आणि कोणापासून, हे वेगळं शिकवावं लागणार नाही.

किंवा २१ डिसेंबर १९०९. नाशिकच्या विजयानंद थिएटरात 'शारदा' नाटकाच्या वेळी विशीही न गाठलेल्या अनंत कान्हेरेने कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात तो, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे फाशी गेले. मैदानाला कान्हेरेंचं नाव आहे, ते योग्यच आहे. जॅक्सन संस्कृतचा जाणकार होता, लोककथा गोळा करत होता, आणि बाबाराव सावरकरांवरच्या राजद्रोहाच्या कारवाईत त्याचा हात होता, ही तिन्ही वाक्यं मुलांना सांगितली तर कान्हेरेंचं हौतात्म्य कमी होत नाही. उलट त्या मुलाने काय ठरवलं असेल, याचा विचार करावा लागतो.

ही पद्धत आपल्या पुस्तकांत नाही असं मात्र नाही. राज्य मंडळाचं दहावीचं इतिहासाचं जे पुस्तक २०१८ मध्ये आलं, त्याची सुरुवातच इतिहासलेखनाच्या परंपरांनी होते. त्यात वसाहतवादी, राष्ट्रवादी, मार्क्सवादी, स्त्रीवादी, वंचितांचा, असे सगळे दृष्टिकोन आहेत. राजवाडे आहेत, फुले आहेत, कोसंबी आहेत, धुळ्याचे शरद पाटील आहेत. भारताचा इतिहास हिंदू, मुस्लिम आणि ब्रिटिश अशा तीन खणांत बसवला तो १८१७ साली जेम्स मिलने, जो भारतात कधी आलाच नाही. हे समजायला लागणारी सामग्री दहावीच्या दप्तरात असते. आणि मग इतिहास-राज्यशास्त्राचा ४० गुणांचा पेपर येतो. चुकीची जोडी ओळखा. संकल्पनाचित्र पूर्ण करा. टीप लिहा. फ्रेंच विचारवंत मिशेल फुको नाशिक रोडच्या क्लासमध्ये एका वाक्यात पाठ होतो आणि जूनपर्यंत विसरला जातो. दोष शिक्षकांचा नाही. पोर्शन संपवायचा असतो, निवडणुकीची कामं असतात, आणि वर्गातलं एखादं वाक्य मोबाइलवर कोणी रेकॉर्ड करून पाठवलं तर पाठीशी कोण उभं राहणार, हेही माहीत नसतं.

येत्या काही वर्षांत राज्याची पुस्तकं नव्या आराखड्यानुसार टप्प्याटप्प्याने बदलणार आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये शालेय शिक्षण खातं मालेगावच्या दादा भुसे यांच्याकडे आलं, त्यामुळे या गोंधळाचा काही भाग आपल्या जिल्ह्याच्या अंगणातच होईल. 'धडा वगळला' असा मेसेज आला की तीन गोष्टी बघाव्यात: कुठलं मंडळ, कुठली इयत्ता, आणि कागद मसुद्याचा की छापील पुस्तकाचा. एका इयत्तेतून काढलेला भाग पुष्कळदा दुसऱ्या इयत्तेत गेलेला असतो. कधी खरोखरच गेलेला असतो. दोन्हींत फरक आहे आणि तो दहा मिनिटांत तपासता येतो, कारण बालभारती आणि एनसीईआरटी दोघांचीही पुस्तकं इंटरनेटवर फुकट मिळतात.

शिक्षकांच्या हातात एक लहानशी जागा आहे: अंतर्गत मूल्यमापनाचे गुण. त्यासाठी बहुतेक शाळांत चित्रं चिकटवलेल्या वह्या येतात. त्याऐवजी गौतमी बलश्रीच्या शिलालेखाचं मराठी भाषांतर आणि जोगलटेंभीच्या नाण्याचा फोटो मुलांना द्यावा आणि विचारावं: यातली कोणती गोष्ट राणी सांगते म्हणून आपण मानतो, कोणती नाण्यावरून सिद्ध होते, आणि उषवदाताच्या मुलीने हा लेख कोरला असता तर त्यातली कोणती ओळ ती पहिल्यांदा खोडली असती?